गोळी तीच, मग डोकं याचंच जड का?

स्किझोफ्रेनियाच्या औषधाने आवाज यायचे थांबले, संशय ओसरला, रात्रीची झोप लागायला लागली. घरातले सगळे सुटकेचा निःश्वास टाकतात आणि दोन-तीन महिन्यांनी वेगळीच काळजी सुरू होते. कादंबऱ्यांचा फडशा पाडणारी मुलगी आता वर्तमानपत्रातला एक परिच्छेद दोनदा वाचते आणि पेपर बाजूला ठेवते. वाण्याकडून तीन वस्तू आणायला सांगितल्या तर एकच घेऊन येते. बोललेलं कळतं, पण उत्तर जुळवायला वेळ लागतो. आणि तिच्याच वेळी दवाखान्यातून घरी गेलेला, तीच गोळी तेवढीच घेणारा दुसरा मुलगा बँकेच्या परीक्षेला बसलेला असतो. "मग आमच्याच पोरीला हे का? जनुकांची तपासणी करून घ्यावी का?" शुभंकरांच्या, म्हणजे रुग्णाची काळजी घेणाऱ्या नातेवाइकांच्या बैठकीत हा प्रश्न हल्ली हमखास येतो.

आधी थेट उत्तर. जनुकांमुळे फरक पडतो, यात शंका नाही. पण तो कुठे पडतो, हे नीट समजून घ्यायला हवं. स्मरणशक्ती आणि लक्ष यांच्याशी जोडलेली मेंदूतली जनुकं तपासून "हे औषध घेतल्यावर तुमची बुद्धी तल्लख राहील" असं आज कोणीही सांगू शकत नाही. यकृतातली जनुकं मात्र तुमच्या शरीरात औषध किती काळ आणि किती प्रमाणात साठून राहतं, हे बऱ्यापैकी खात्रीने सांगतात. औषध गरजेपेक्षा जास्त साठलं की डोकं जड होतं, विचार मंदावतो. म्हणजे बुद्धीची तक्रार घेऊन गेलात तरी कामाला येणारी माहिती बहुधा यकृताची असते. मेंदूच्या जनुकांवरचा रंगीत अहवाल मिळतो, त्याचे पैसेही मोजावे लागतात, पण डॉक्टरांना त्यातून करण्यासारखं फारसं काही मिळत नाही.

आजार किती, औषध किती

सगळं खापर औषधावर फोडण्याआधी एक गोष्ट लक्षात घेऊ. स्किझोफ्रेनियात लक्ष, कार्यरत स्मृती (फोन नंबर ऐकून तो लावेपर्यंत डोक्यात धरून ठेवणं, हे तिचं काम) आणि विचारांचा वेग हे तिन्ही आजारामुळेच घटतात. जर्मन मानसोपचारतज्ज्ञ एमिल क्रेपेलिन यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या आजाराचं वर्णन केलं, तेव्हा बुद्धीची ही घसरण त्यांना इतकी ठळक दिसली की त्यांनी आजाराला नावच 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' दिलं. त्या काळी अँटीसायकोटिक औषध नावाची गोष्ट अस्तित्वात नव्हती. पहिलं औषध, क्लोरप्रोमाझिन, मानसोपचारात आलं ते १९५२ मध्ये. आजही एकही गोळी न घेतलेल्या नव्या रुग्णांची चाचणी केली, तर सरासरी गुण त्यांच्या वयाच्या निरोगी मंडळींपेक्षा बरेच कमी भरतात.

औषधांनी ही घसरण सुधारते का? १९९० नंतर नवी औषधं आली तेव्हा तशी आशा फार होती. अमेरिकेत 'केटी' नावाची मोठी चाचणी झाली. ओलान्झापिन, रिस्पेरिडोन, क्वेटियापिन, झिप्रासिडोन आणि जुनं स्वस्त परफेनाझिन अशी पाच औषधं तिच्यात शेजारी शेजारी ठेवून तपासली. बुद्धीच्या चाचण्यांचे निष्कर्ष २००७ मध्ये आले. सगळ्याच गटांत थोडीशी सुधारणा होती आणि परफेनाझिन नव्या औषधांच्या मागे पडलेलं नव्हतं. त्याच वर्षी आणखी एका अभ्यासाने दाखवलं की एकच चाचणी पुन्हा पुन्हा दिली की निरोगी माणसाचेही गुण वाढतात आणि औषधामुळे दिसणारी वाढ बरीचशी तेवढीच असते. हा मुद्दा घरच्यांच्याही कामाचा आहे. महिन्याभराने त्याच कोड्याला जास्त गुण पडले म्हणून नवी गोळी लागू पडली असं समजू नका, आणि एका वाईट आठवड्यावरून ती निकामी आहे असंही ठरवू नका.

तर सर्वसाधारण रुग्णात औषध बुद्धीला फार उचलतही नाही आणि फार खालीही ओढत नाही. पण हे झालं सरासरीचं. सरासरीच्या आड काहींचं बरंच सुधारतं आणि काहींचं स्पष्टपणे बिघडतं. जनुकांचा विषय सुरू होतो तो या फरकातून.

कॉम्टची गोष्ट

या क्षेत्रातलं सगळ्यात गाजलेलं जनुक म्हणजे कॉम्ट. ते २२ व्या गुणसूत्रावर असतं आणि मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाचं विघटन करणारं एक एन्झाइम बनवतं. कपाळामागच्या भागात, म्हणजे नियोजन आणि कार्यरत स्मृती जिथून चालते तिथे, डोपामिन आवरायचं काम बरंचसं याच एन्झाइमकडे असतं. या जनुकाचे दोन नेहमीचे प्रकार आहेत. एकात एन्झाइमच्या १५८ व्या जागी व्हॅलिन हे अमिनो आम्ल येतं, दुसऱ्यात मेथिओनिन. व्हॅलिनवालं एन्झाइम जास्त जोमाने काम करतं, त्यामुळे त्या व्यक्तीच्या कपाळामागे डोपामिन लवकर संपतं. मेथिओनिनवाल्यात ते जरा जास्त वेळ टिकतं. कार्यरत स्मृतीला डोपामिन लागतं ते आमटीतल्या मिठासारखं, कमी पडलं तरी बिघडतं आणि जास्त झालं तरी बिघडतं.

२००१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेतल्या डॅनियल वाइनबर्गर यांच्या गटाने दाखवलं की व्हॅलिन प्रकार असलेल्यांचे कार्यकारी बुद्धीच्या चाचणीतले गुण किंचित कमी येतात. २००४ मध्ये इटलीतल्या बारी इथल्या संशोधकांना दिसलं की आठ आठवडे ओलान्झापिन घेतल्यावर मेथिओनिनवाल्या रुग्णांची कार्यरत स्मृती जास्त सुधारते. गोष्ट मोठी सुरेख होती. जनुक, एन्झाइम, मेंदूचा भाग आणि गोळीचा परिणाम अशी सगळी साखळी जुळत होती. पुढची काही वर्षं जगभरातल्या प्रयोगशाळा या जनुकामागे लागल्या.

मग आकडे वाढत गेले आणि परिणाम आकसत गेला. २००८ मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा कॉम्ट आणि बुद्धीचाचण्या यांचा संबंध जवळजवळ पुसट झालेला दिसला. मुळात २००१ च्या अभ्यासातही या जनुकाने गुणांतल्या फरकापैकी जेमतेम ४ टक्के फरक समजावून दिला होता. उरलेला ९६ टक्के फरक इतर शेकडो जनुकांचा, शिक्षणाचा, झोपेचा, आजाराच्या कालावधीचा आणि आणखी कशाकशाचा. डोपामिनचा संदेश घेणाऱ्या डी२ रिसेप्टरच्या जनुकाची आणि सेरोटोनिनशी संबंधित जनुकांचीही साधारण हीच गत आहे. छोट्या अभ्यासात दिसलेला परिणाम मोठ्या अभ्यासात टिकत नाही किंवा इतका लहान उरतो की एका माणसाचा उपचार त्यावर ठरवता येत नाही. हे संशोधन वाया गेलं असं मी म्हणणार नाही. डोपामिन आणि कार्यरत स्मृती यांचं नातं त्यामुळेच उलगडलं. पण जनुक चाचणीच्या अहवालात "कॉम्ट मेट-मेट (दोन्ही प्रती मेथिओनिन प्रकारच्या), म्हणून अमुक औषध आकलनासाठी उत्तम" अशी ओळ दिसली, तर तिच्या भरवशावर चालू औषध बदलू नका.

यकृताची बाजू

१९७५ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज वैद्यकीय महाविद्यालयातले रॉबर्ट स्मिथ यांनी डेब्रिसोक्विन हे रक्तदाबाचं औषध प्रयोगासाठी स्वतः घेतलं. त्यांच्या सहकाऱ्यांनीही तेच घेतलं. सहकाऱ्यांना विशेष काही झालं नाही. स्मिथ यांचा रक्तदाब मात्र इतका घसरला की त्यांना उभं राहता येईना. त्यांचं यकृत ते औषध जवळजवळ मोडतच नव्हतं. या घटनेचा माग काढताना जे एन्झाइम हाती लागलं, त्याला आज सीवायपी२डी६ म्हणतात. नाव क्लिष्ट आहे, पण प्रिस्क्रिप्शनच्या फाईलवर लिहून ठेवण्याच्या लायकीचं आहे.

रिस्पेरिडोन, अ‍ॅरिपिप्राझोल, हॅलोपेरिडॉल, झुक्लोपेन्थिक्सॉल ही औषधं मोडण्यात या एन्झाइमचा मोठा वाटा असतो. हे जनुक माणसामाणसांत कमालीचं वेगळं असतं. काहींच्या दोन्ही प्रती निकामी असतात, त्यांच्यात औषध मंद गतीने मोडतं. काहींची एक प्रत चालू असते. बहुतेकांच्या दोन्ही चालतात. आणि काहींच्या गुणसूत्रावर या जनुकाच्या जादा प्रती असतात, त्यांच्यात गोळी लागू पडण्याआधीच मोडून जाते. मंद गतीच्या लोकांचं प्रमाण युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण ५ ते १० टक्के असतं, पूर्व आशियात १ टक्क्याच्या आसपास. भारतातल्या अभ्यासांत ते या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी येतं.

अ‍ॅरिपिप्राझोलचं उदाहरण घ्या. साधारण माणसाच्या शरीरातून या औषधाचा निम्मा भाग बाहेर पडायला ७५ तास लागतात. मंद गतीच्या माणसात १४६ तास, म्हणजे सहा दिवस. अशा माणसाचा डोस दर चार-पाच दिवसांनी वाढवत नेला, तर आधीच्या डोसचा परिणाम पूर्ण कळायच्या आतच त्यावर पुढचा थर चढतो. महिन्याभराने तो माणूस गप्प, ताठर, बधिर झालेला असतो आणि घरच्यांना वाटतं आजार वाढला. मंद गतीच्या व्यक्तींना या औषधाचा निम्मा डोस द्यावा, असं अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेने मान्य केलेल्या माहितीपत्रकात स्पष्ट छापलेलं आहे. नेदरलँड्सच्या औषधतज्ज्ञांच्या मार्गदर्शिकेत रिस्पेरिडोनसाठीही डोस कमी करण्याची शिफारस आहे. २०१९ मध्ये ऑस्लोहून आलेल्या एका मोठ्या अभ्यासात हजाराहून अधिक रुग्णांच्या रक्तातली औषधाची पातळी आणि त्यांचं सीवायपी२डी६ जनुक यांची सांगड घातली होती. रिस्पेरिडोन घेणाऱ्यांपैकी अति मंद आणि अति वेगवान अशा दोन्ही टोकांच्या लोकांवर औषध बदलायची वेळ इतरांपेक्षा जास्त वेळा आली. मंद लोकांना सोसत नव्हतं, वेगवानांना पुरत नव्हतं.

आता हे बुद्धीशी कसं जोडलं जातं? टोरांटोतल्या शितिज कपूर यांच्या गटाने २००० मध्ये मेंदूच्या स्कॅनवरून दाखवलं की हॅलोपेरिडॉलने डी२ रिसेप्टरपैकी साधारण ६५ टक्के व्यापले की आजाराची लक्षणं ओसरू लागतात आणि ७८ टक्क्यांच्या वर गेलं की हातापायांचा ताठरपणा, कंप यांची शक्यता वाढते. फायदा आणि त्रास यांच्यामधली पट्टी इतकी अरुंद आहे. तिच्या वर गेलेल्या माणसाचं फक्त चालणं मंदावत नाही, विचारही मंदावतो. एकाग्रतेवर वाईट परिणाम होतो, कशात उत्साह वाटत नाही. साधारण माणसाला पट्टीच्या आत ठेवणारी गोळी मंद यकृताच्या माणसाला पट्टीच्या बाहेर ढकलू शकते. स्मरणशक्तीचं जनुक इथे कुठेच मध्ये आलेलं नाही, तरी परिणाम स्मरणशक्तीवर झाला.

यात एक गोम आहे आणि ती अहवालात लिहिलेली नसते. जनुक उत्तम असूनही एखादं दुसरं औषध हे एन्झाइम बंद पाडू शकतं. उदासीसाठी दिली जाणारी फ्लुओक्सेटिन आणि पॅरोक्सेटिन ही औषधं सीवायपी२डी६ ला जोरात अडवतात. रिस्पेरिडोनवर चांगला चाललेला माणूस फ्लुओक्सेटिन सुरू झाल्यावर महिन्याभरात जड झाला, तर जनुक तपासण्याआधी प्रिस्क्रिप्शनवरच्या तारखा तपासा. उलट बाजूने, क्षयावरचं रिफाम्पिसिन आणि फिटवरचं कार्बामाझेपिन अनेक अँटीसायकोटिक औषधं भराभर मोडायला लावतात. आपल्याकडे क्षयाचे उपचार घेणारे लोक इतके आहेत की मानसोपचाराच्या डॉक्टरांना हे सांगायला विसरणं परवडणारं नाही. उपचार सुरू करताना सांगा आणि संपतानाही सांगा, कारण रिफाम्पिसिन थांबल्यावर तोच डोस काही आठवड्यांत जास्त होऊन बसतो.

क्लोझापिन आणि बिडी

क्लोझापिन आणि ओलान्झापिन यांचा रस्ता वेगळा आहे. ती मुख्यतः सीवायपी१ए२ या एन्झाइमकडून मोडली जातात. इथे जनुकापेक्षा सवय जास्त बोलते. तंबाखू जळताना निघणारी काही रसायनं या एन्झाइमचं काम वाढवतात, त्यामुळे सिगारेट-बिडी ओढणाऱ्याच्या रक्तात क्लोझापिन कमी राहतं. हा परिणाम धुराचा आहे, निकोटिनचा नाही. म्हणून तंबाखू मळून खाणाऱ्याला किंवा मिश्री लावणाऱ्याला तो लागू होत नाही. महाराष्ट्रात तंबाखू खाणारे भरपूर असल्याने हा फरक डॉक्टरांना नेमका सांगायला हवा. नुसतं "तंबाखूचं व्यसन आहे" पुरत नाही. ओढतो की खातो, किती, आणि अलीकडे कमी-जास्त झालं का, ते सांगा.

ही माहिती सगळ्यात जास्त कामाला येते ती बिडी सुटते तेव्हा. माणूस ज्वरासाठी किंवा ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाला, तिथे ओढता आलं नाही, आणि आठवड्याभरात क्लोझापिनची पातळी सरासरी दीडपट होऊ शकते. डोस तोच असूनही माणूस झोपाळू, गोंधळलेला, लाळ गळणारा असा दिसू लागतो. मोठ्या संसर्गातही पातळी वर जाते, आणि सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक तर हे एन्झाइमच अडवतं. म्हणून क्लोझापिनवरच्या माणसाला जोरदार ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. ताप आणि घसादुखी असेल तर या औषधाने पांढऱ्या पेशी घटल्याचीही शंका असते, त्यामुळे थांबायचं कारणच नाही.

वंशाचाही इथे संबंध आहे. पाकिस्तानपासून जपानपर्यंतच्या आशियाई वंशाच्या लोकांना क्लोझापिनचा डोस युरोपीय लोकांपेक्षा कमी लागतो, हे २०२२ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिकेत नोंदवलेलं आहे. परदेशात राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी हे तिथल्या डॉक्टरांना आठवण करून द्यायला हरकत नाही. क्लोझापिनची रक्तातली पातळी मोजता येते आणि साधारण ३५० नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर ही लागू पडण्याची खालची रेघ मानतात. पातळी तिच्या बऱ्याच वर असेल आणि माणूस दिवसभर झोपेत असेल, तर बोलण्यासारखं काहीतरी हाती आलं. माझं मत विचाराल तर क्लोझापिनच्या बाबतीत जनुक चाचणीपेक्षा ही पातळी आधी मोजावी. त्यात जनुक, बिडी, ताप, बाकीची औषधं आणि गोळ्या चुकवण्याची सवय, सगळ्याचा एकत्रित परिणाम दिसतो.

ती छोटी पांढरी गोळी

आता ज्या मुद्द्यासाठी हा लेख लिहावासा वाटला तो. आपल्याकडे रिस्पेरिडोन किंवा हॅलोपेरिडॉलबरोबर ट्रायहेक्सिफेनिडिल नावाची गोळी अनेकदा पहिल्या दिवसापासून जोडीला दिली जाते. बरेच जण तिला पॅसिटेन या नावाने ओळखतात. काम तिचं खरं आहे. मान वाकडी होणं, कंप, ताठरपणा यांवर ती पटकन आराम देते. पण ती मेंदूतल्या संदेशवाहक अ‍ॅसिटिलकोलिनचा मार्ग अडवते, आणि नवीन गोष्ट स्मरणात बसवायला अ‍ॅसिटिलकोलिन लागतंच. सुरुवातीच्या त्रासासाठी दिलेली ही गोळी प्रिस्क्रिप्शनमागून प्रिस्क्रिप्शनवर तशीच उतरत जाते. पाच-पाच वर्षं. ती सुरू का झाली, हे कोणाच्या लक्षातही राहत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच सांगितलं होतं की अशी गोळी सरसकट सगळ्यांना आधीपासून देऊ नये. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या हजाराहून जास्त रुग्णांच्या अभ्यासात दिसलं की अ‍ॅसिटिलकोलिन अडवणाऱ्या औषधांचा एकूण भार जितका जास्त, तितके बुद्धीच्या चाचण्यांतले गुण कमी. हा भार एकट्या ट्रायहेक्सिफेनिडिलचा नसतो. झोपेसाठी दिलेलं प्रोमेथाझिन, डोकेदुखीसाठीचं अमिट्रिप्टिलीन, लघवीच्या तक्रारीवरचं ऑक्सिब्युटिनिन, सर्दी-खोकल्याच्या सिरपमधलं डायफेनहायड्रामिन, शिवाय क्लोझापिन आणि ओलान्झापिन स्वतः, हे सगळं त्यात जमा होतं.

जनुकाचा धागा इथेही सापडतो. मंद सीवायपी२डी६ असलेल्या माणसात रिस्पेरिडोन जास्त साठलं, त्याला ताठरपणा आला, त्यासाठी पॅसिटेन वाढवली आणि पॅसिटेनने स्मरण बिघडवलं, असं घडू शकतं. अशा वेळी उपाय पॅसिटेन वाढवण्यात नसतो, मूळ औषधाचा डोस कमी करण्यात किंवा या एन्झाइमवर फारसं अवलंबून नसलेलं औषध निवडण्यात असतो. अमिसुलप्राइड आणि पॅलिपेरिडोन ही बरीचशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडतात, त्यामुळे यकृताच्या या जनुकाचा त्यांच्यावर परिणाम कमी होतो. त्यांचे स्वतःचे दुष्परिणाम आहेत, प्रोलॅक्टिन वाढणं हा त्यातला ठळक. निवड डॉक्टरांची, पण हा पर्याय विचारण्याचा हक्क तुमचा. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचार, त्यांचे दुष्परिणाम आणि इतर पर्याय यांची माहिती मिळण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे.

ही गोळी एका रात्रीत बंद करायची नाही. अचानक सोडली तर अस्वस्थता, मळमळ, घाम, पुन्हा ताठरपणा असं सगळं उसळून येतं. डॉक्टर ती काही आठवड्यांत थोडी थोडी कमी करतात. अनेकांना त्यानंतर तिची गरज पडत नाही.

डॉक्टरांकडे काय घेऊन जावं

"हल्ली याचं डोकं चालत नाही" या वाक्यावर कोणताही डॉक्टर फार काही करू शकत नाही. एक महिना साधी वही ठेवा. कोणती गोळी, किती, किती वाजता. रात्रीची झोप. दिवसभरातली एखादी ठरलेली गोष्ट, उदाहरणार्थ किती पानं वाचली, हिशेब जमला का, सांगितलेला निरोप पोहोचला का. जडपणा सकाळी जास्त की दिवसभर सारखा, हे फार महत्त्वाचं. सकाळी जास्त आणि दुपारी कमी असेल, तर रात्रीच्या गोळीची वेळ लवकर केल्यानेही फरक पडू शकतो. दिवसभर सारखाच असेल, तर डोसचा किंवा पॅसिटेनचा विचार व्हायला हवा. सोबत घरातल्या सगळ्या औषधांची यादी न्या. आयुर्वेदिक, दुकानातून आणलेली, झोपेची, सगळीच.

रक्ताच्या साध्या तपासण्याही करून घ्या. थायरॉइड, साखर, हिमोग्लोबिन आणि ब१२. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने आपल्याकडे ब१२ ची कमतरता किती पसरलेली आहे हे दाखवून दिलं आहे आणि त्या कमतरतेने विसराळूपणा येतो. शाकाहारी घरात तर हे आधी पाहावं. डायबेटिसच्या मेटफॉर्मिननेही ब१२ घटतं, आणि ओलान्झापिनने वाढलेल्या वजनासाठी मेटफॉर्मिन घेणारे बरेच असतात.

मग डॉक्टरांना विचारा: "डॉक्टर, आवाज दीड वर्ष नाहीत. डोस थोडा कमी करून पाहता येईल का? आणि पॅसिटेनची अजून गरज आहे का?" शब्द 'थोडा' आहे, 'बंद' नाही. जपानमधल्या एका अभ्यासात स्थिर झालेल्या रुग्णांचा रिस्पेरिडोन किंवा ओलान्झापिनचा डोस निम्म्यावर आणला, तेव्हा बुद्धीचे गुण सुधारले. पण औषध पूर्ण सोडल्यावर आजार उलटण्याचा धोका मोठा असतो आणि प्रत्येक उलटलेल्या आजारपणानंतर बुद्धी पुन्हा पूर्ववत होईलच असं नसतं. जडपणाला कंटाळून परस्पर गोळ्या बंद करणं, हा बुद्धी वाचवायचा सगळ्यात वाईट मार्ग आहे. घरात कोणी असा विचार करत असेल आणि डॉक्टरांची भेट लांब असेल, तर टेलिमानसच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

चाचणी कोणी करावी

माझ्या मते तीन प्रकारच्या लोकांनी डॉक्टरांशी बोलून सीवायपी२डी६ तपासून घ्यावं. अगदी लहान डोसवरही ज्यांना ताठरपणा, अस्वस्थ येरझारा किंवा कमालीची गुंगी येते ते. नेमाने गोळ्या घेऊनही, घरच्यांनी समोर बसून दिल्या तरी, ज्यांना दोन औषधांनी गुण आलेला नाही ते. आणि महिनाभर टिकणारं इंजेक्शन सुरू करायच्या बेतात असलेले, कारण एकदा टोचलेलं औषध परत काढता येत नाही. बाकीच्यांनी आधी वही, ब१२ आणि पॅसिटेन.

प्रयोगशाळेला दोन प्रश्न विचारा. जनुकाची गहाळ प्रत आणि जादा प्रती तुम्ही मोजता का? त्या मोजल्या नाहीत तर दोन्ही टोकांची काही माणसं निसटतात. आणि भारतीयांत आढळणारे प्रकार तुमच्या यादीत आहेत का? अहवालात औषधांची हिरवी, पिवळी, लाल अशी रंगीत यादी येते. लाल दिसलं की घाबरून गोळी बंद करू नका. बऱ्याचदा लालचा अर्थ "हे औषध विष आहे" असा नसून "हे औषध कमी डोसमध्ये द्या" असा असतो. शिवाय अहवालातल्या यकृताच्या ओळींवर विश्वास ठेवायला आधार आहे, कॉम्ट, डी२ वगैरेच्या ओळींवर तेवढा नाही. अहवाल एकाच पानावर असला तरी त्यातल्या ओळींचं वजन सारखं नसतं.

गोळ्यांच्या बाहेरही करण्यासारखं आहे आणि त्याला जनुकाची परवानगी लागत नाही. नियमित, दम लागेल असं चालणं किंवा सायकल चालवणं याने स्किझोफ्रेनियात बुद्धीचे गुण सुधारतात, असं अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. कॉग्निटिव्ह रिमेडिएशन म्हणजे लक्ष आणि स्मृतीचा पद्धतशीर सराव. खऱ्या कामाशी, नोकरीच्या प्रशिक्षणाशी जोडला तर त्याचा उपयोग वाढतो. पुण्याची स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्याची आयपीएच यांसारख्या संस्थांमध्ये शुभार्थी, म्हणजे रुग्ण, आणि शुभंकर या दोघांसाठीही गट चालतात. आणि नवीन औषधांची दिशा बदलते आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं झॅनोमेलिन-ट्रॉस्पियम हे डोपामिन रिसेप्टर न अडवता अ‍ॅसिटिलकोलिनच्या रिसेप्टरवर काम करतं. म्हणजे पॅसिटेन जो मार्ग अडवते, तोच हे औषध चालू करतं. बुद्धीवर त्याचा दीर्घकाळात किती फायदा होतो, ते पुढच्या अभ्यासांतून ठरेल.

सीवायपी२डी६ चा अहवाल एकदा मिळाला की तो जन्मभर तोच राहतो, तेव्हा त्याची प्रत फाईलच्या पहिल्या पानावर लावा आणि दात काढताना किंवा ऑपरेशनच्या वेळीही दाखवा. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही वेदनाशामकं याच एन्झाइमवर चालतात. मंद गतीच्या माणसाला त्यांनी आराम पडत नाही आणि अति वेगवान माणसाला ती धोक्याची ठरू शकतात. अहवालात दोन्ही प्रती निकामी निघाल्या, तर सख्ख्या भावंडाचीही तशीच निघण्याची शक्यता चारात एक किंवा त्याहून जास्त असते. त्यांना स्किझोफ्रेनिया नसेल, पण रक्तदाबासाठी मेटोप्रोलॉल चालू असेल किंवा उद्या पाय मोडल्यावर ट्रॅमाडॉल दिलं जाईल. त्यांनाही एक प्रत काढून द्या.